वाडीचा रकाना

आत्याच्या कपाटात एक चोपडी आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, वाण्याकडे उधारीला असायची तशी. पानं कडेने झिजलीत आणि उघडली की नाकात जुन्या ट्रंकेचा वास जातो. ही आमच्या गावच्या खोलीची वही. डिलाईल रोडवरच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराची ती खोली होती. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावातून मुंबईला आलेला माणूस आधी तिथेच उतरायचा. नोकरी, नातेवाईक, देवदर्शन सगळं नंतर.

आजोबा १९५१ चा शिमगा करून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले. वहीच्या नवव्या पानावर त्यांचं नाव आहे. चार रकाने आखलेत: नाव, वाडी, आल्याची तारीख, जामीन. आजोबांच्या नावापुढे वाडी 'वरची' आणि जामीन म्हणून त्यांचे मामा. जामीन म्हणजे कोर्टातला नव्हे. पोराने वर्गणी बुडवली, कुणाच्या ट्रंकेला हात लावला, पिऊन दंगा केला तर ज्याला बोलावून विचारायचं तो. आजोबा सांगायचे, "पयलं नाव वहीत, मग ट्रंक आत." तोवर ट्रंक गॅलरीत.

खोलीत कधी सोळा, कधी एकोणीस माणसं. सगळे बाप्ये. झोपायच्या जागा पाळ्यांवर चालायच्या. रातपाळीचा माणूस सकाळी येऊन पहिल्या पाळीला गेलेल्याच्या जागेवर आडवा व्हायचा, आणि ज्यांची वळकटी कुठेच बसायची नाही ते गॅलरीत किंवा खाली रस्त्याच्या कडेला. जेवण खाणावळीत, बाजूच्याच चाळीतल्या एका बाईकडे, महिन्याच्या बोलीवर. पगारानंतरच्या रविवारी बैठक. तीत वर्गणी, हिशेब, भांडणं, गावाकडची पत्रं वाचून दाखवणं, आणि कुणाचं काही बरंवाईट झालं असेल तर त्याच्या घरी पैसे पाठवण्याचा ठराव.

वहीतल्या नोंदी वाचताना मी तासचा तास घालवतो. 'झाडू ६ आणे.' 'कंदिलाची काच, फुटली, ४ आणे, जबाबदार कोणी नाही.' 'रात्री मोठ्याने भजन, शेजाऱ्यांची तक्रार, समज दिली.' 'दंड १ रुपया, कारण सर्वांस ठाऊक.' हे 'कारण सर्वांस ठाऊक' मला फार आवडतं. लिहिणाऱ्याने त्या माणसाची लाज राखली आणि रुपयाही सोडला नाही.

आजोबा आले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांच्याकडे एक खातं आलं. रॉकेल आणि वाती. कालपर्यंत गावात गुरं राखणारा अठरा वर्षांचा पोरगा आता अठरा बाप्यांना रॉकेलचा हिशेब देत होता, आणि तीन पैसे लागत नाहीत म्हणून सगळ्यांदेखत बोलणी खात होता. गिरणीत तर ते अजून बदली कामगारही, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतलेलेही, नव्हते, सकाळी गेटवर उभं राहून परत यायचे. म्हणजे मुंबईने त्यांना काम द्यायच्या आधी त्या खोलीने काम दिलं. मला वाटतं ते मुंबईकर झाले ते त्या तीन पैशांच्या भांडणात. गिरणीचा पास त्यानंतर सात महिन्यांनी मिळाला.

हे काही आमच्या एकट्या गावाचं कौतुक नाही. कुठे तिला गावकीची खोली म्हणत, कुठे बैठकीची खोली, आजरा-चंदगडकडची मंडळी गाळा म्हणत. धोबीतलावला जेर महालच्या इमारतीत आणि आजूबाजूला गोव्यातल्या गावांच्या कुडी आहेत. बोटीवर नोकरी शोधायला आलेला पोर आपल्या गावच्या कुडीत ट्रंक टाकायचा, आणि संध्याकाळच्या रोझरीला हजर राहणं सक्तीचं. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या शंभरातले सुमारे ८४ लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते. एवढ्या माणसांसाठी घरं बांधायची ना गिरणीमालकांना घाई होती ना सरकारला. प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याच्या बीआयटी चाळी झाल्या. मग १९२० च्या दशकात सरकारी विकास खात्याच्या, म्हणजे बीडीडीच्या, २०७ चाळी झाल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या. पुऱ्या पडणं शक्यच नव्हतं. उरलेल्यांनी आपली आपण सोय लावली. तिला कुणी योजना म्हटलं नाही.

इतकंच काय, आज आपण ज्या 'सोसायटी' नावाच्या प्रकाराला शिव्या देतो तोही बाहेरून आलेल्यांनीच मुंबईत रुजवला. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वतांची गृहनिर्माण सहकारी संस्था उभी राहिली. तिच्यामागे होते रावबहादुर तलमकी, ताडदेवची तलमकीवाडी ज्यांच्या नावाने आहे ते. कारवार-होन्नावरकडून, कानडी किनाऱ्यावरून शिकून नोकरीला आलेले हे कारकून-वकील. चाळीत मन रमेना आणि बंगला परवडेना. मग जमीन एकत्र घ्यायची, घरं एकत्र बांधायची, मालक कुणीच नाही आणि सगळेच. गिरणीतल्या माणसाने वही घातली, कचेरीतल्या माणसाने पोटनियम लिहिले. मूळ कल्पना तीच.

माझा भाचा सध्या अॅमस्टरडॅमला असतो. गेल्या वर्षी त्याने आत्याला व्हिडिओ कॉलवर एक वसाहत दाखवली, रीकरहाव्हन. २०१६ मध्ये सुरू झालेली, कंटेनरसारख्या खोल्यांची, ५६५ तरुणांची. त्यातले निम्मे सीरिया, इरिट्रियाकडून आश्रयाला आलेले आणि निम्मे तिथलेच डच. प्रत्येक मजल्याचा कारभार राहणाऱ्यांतलेच काही जण बघतात. नवा कोण येणार, कोण कुठे राहणार, भांडण झालं तर काय, सगळं तेच. अशा राहण्याला तिकडे सहभागातून उभी राहिलेली घरं म्हणतात. फ्रान्सने तर २०१४ मध्ये त्याला कायद्यात जागा दिली. भाचा बरंच काही सांगत होता, भाषा लवकर येते, एकटेपणा कमी होतो, ओळखीतून नोकरी मिळते. आत्याने चष्मा वर करून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे आपली खोलीच की. फक्त बायका आहेत, एवढंच."

एवढंच!

त्या 'एवढंच'वर मी नंतर खूप दिवस अडकून राहिलो. कारण आमच्या खोलीत आजी कधीच राहिली नाही. आजोबांना १९६२ मध्ये वेगळी खोली मिळेपर्यंत ती अकरा वर्षं गावी भात लावत होती आणि वर्षातून दोनदा नवऱ्याचं तोंड बघत होती. वहीत बाईचं नाव शोधलं तर एकच सापडतं, खाणावळवालीचं, आणि तेही 'येणे-देणे'च्या पानावर. त्या बायकांनी गिरणगाव जेवू घातलं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देईपर्यंत त्यांच्या हातात सावकाराची चिठ्ठी होती.

दुसरी गोष्ट कळायला मला त्याहून जास्त वेळ लागला, हे सांगताना बरं वाटत नाही. वाडीच्या रकान्यात वरची, खालची, मधली, देऊळवाडी, तांबटवाडी, सगळ्या वाड्या आहेत. बौद्धवाडी नाही. एकदाही नाही. मी आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांची खोली वेगळी होती. नायगावला की कुठे." की कुठे. गाव एक, बोट एक, गिरणीही एकच. पण तिथेही धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणाई खात्यात त्यांना घेत नसत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी तो प्रश्न उभा केला होता, आणि तेव्हा ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. आमच्या वहीने ती भिंत आखली नाही, हे खरं. पण गावातून उचलून दुसऱ्या मजल्यावर आणून ठेवली, तेही आणे-पैशांच्या चोख हिशेबासकट.

तेव्हा सहभाग म्हटलं की माझ्या डोक्यात आता आधी दुसराच प्रश्न येतो. सहभाग कुणाचा? वहीत नाव चढवणाराच जर 'आपला' माणूस बघून चढवणार असेल, तर आत गेलेल्याला शहर मिळतं आणि बाहेर राहिलेल्याला दार दिसतं.

म्हणून मला भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायकांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९८१ च्या पावसाळ्यात, अंतुले मुख्यमंत्री असताना, फूटपाथवरच्या झोपड्या तोडून माणसांना बसमध्ये घालून शहराबाहेर सोडायला सुरुवात झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ चा निकाल सगळ्यांना अर्धाच आठवतो: उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. उरलेला अर्धा असा की नोटीस देऊन झोपड्या काढायला हरकत नाही, फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा. म्हणजे हक्क मिळाला आणि तारीखही मिळाली.

त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळा आणि आसपासच्या फूटपाथवरच्या सुमारे ६ हजार कुटुंबांची मोजणी केली. माणसं कुठून आली, कधी, कशासाठी. त्यातून महिला मिलन उभं राहिलं, आणि जोकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ सोबत आला. या बायकांचं गाव एक नव्हतं. बिहारच्या, मराठवाड्याच्या, दक्षिणेकडच्या, हिंदू, मुसलमान. एक होता तो फूटपाथ, आणि महापालिकेची गाडी येण्याची वेळ. त्यांनी रोज रुपया-दोन रुपये जमवायला सुरुवात केली, रोज दारोदार जाऊन. रोज जाण्यामागचं गणित पैशाचं कमी. रोज गेलं की कुणाच्या घरी नवरा मारतो, कुणाचं पोर तापलंय, हे कळतं.

मग त्यांनी घराचा आराखडा केला. कागदावर नव्हे. साडीच्या लांबीने जागा मापल्या, बांबूला साड्या-चादरी बांधून खऱ्या मापाचं घर उभं केलं, आत जाऊन बसल्या, उठल्या, चूल कुठे, मोरी कुठे ते ठरवलं आणि लोकांना बघायला बोलावलं. त्यांच्या घराची उंची होती चौदा फूट. वास्तुविशारद नऊ-दहा फुटांवर थांबतात. या बायकांना पोटमाळा हवा होता. फूटपाथवर ज्याने संसार केला त्याला जमिनीवरचा चौरस फूट आणि हवेतला चौरस फूट यातला फरक नीट कळतो. नंतर त्या काही जणींना मानखुर्दला घरं मिळाली, मध्ये कितीतरी वर्षं गेली. पण त्या घरात शिरल्या तेव्हा त्यांना कारभार नवा नव्हता. हिशेब ठेवता येत होता, कलेक्टर ऑफिसात कुणाला भेटायचं ते माहीत होतं, आणि शेजारणीचं आडनाव ठाऊक होतं.

मानखुर्द-गोवंडी भागातच याचं उलटं टोकही आहे. प्रकल्पग्रस्तांसाठी वरून नकाशा काढून उभ्या केलेल्या इमारती, काही ठिकाणी दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर. नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतींत खालच्या मजल्यांना ऊनवारा मिळत नाही आणि त्याचा क्षयाशी संबंध दिसतो, हे डॉक्टरांच्या अभ्यासातून २०१८ मध्ये समोर आलं. आपलं घर आपण मापणाऱ्या बाईने दोन इमारतींत तीन मीटर ठेवले असते का? तिला चादरी वाळत घालायला तरी ऊन लागतं.

आता आमची सोसायटी.

भांडुपला, अठ्ठावीस फ्लॅट, त्यातले अकरा भाड्याने. मी तिचा सेक्रेटरी, म्हणजे कुणी दुसरं उभं राहिलं नाही म्हणून. भाडेकरूंचं आमच्याकडे सगळं लेखी असतं. करारनामा, पोलीस ठाण्याची पावती, आधार कार्डाची झेरॉक्स. घरमालकाकडून आम्ही बिनभोगवटा शुल्क, म्हणजे स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दलचं, घेतो, सेवाशुल्काच्या १० टक्के, कारण सरकारने त्याहून जास्त घ्यायला मनाई केली आहे. नसती केली तर किती घेतलं असतं कोण जाणे. सर्वसाधारण सभेची नोटीस भाडेकरूला जात नाही. पाणी त्याच्या नळाला कमी आलं तर तो मालकाला फोन करतो, मालक ठाण्याहून किंवा न्यू जर्सीहून मला फोन करतो, आणि मी जिना उतरून त्याच भाडेकरूच्या दारात जातो.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये आमचा वॉचमन एका पहाटे निघून गेला. चालत की ट्रकने, कळलं नाही. सहा वर्षं मीटरच्या खोलीत राहत होता. सभासदांनी वर्गणी काढून त्याला पैसे पाठवायचं ठरवलं, आठ हजार जमले, आणि मग लक्षात आलं की कुठे पाठवायचे हे कुणालाच माहीत नाही. गेटवरच्या रजिस्टरची सहा वर्षांची सहा बाडं होती. दूधवाला, इस्त्रीवाला, कुरिअरवाला, सगळ्यांची नावं, वेळ, सही. सगळी त्याच्याच अक्षरात. त्याचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. फोन बंद. एजन्सीवाला म्हणाला, "यूपीचा होता, बहुतेक." त्या रात्री मी आत्याकडे जाऊन वही पहिल्यांदा नीट वाचली. ते आठ हजार अजून सोसायटीच्या खात्यात 'इतर देणी' म्हणून आहेत. ऑडिटर दरवर्षी विचारतो.

गेल्या मे महिन्यात पाण्याची ओढ लागली. टँकर मागवायचा, तर तो रात्री दोनला येणार, टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला माणूस हवा. सभासदांपैकी कुणाला पाठदुखी, कुणाची सकाळची शिफ्ट. दुसऱ्या मजल्यावर चार मुलं भाड्याने राहतात, मधुबनी जिल्ह्यातली, वायरिंगची कामं करतात. त्यांच्याबद्दल माझ्याकडे दोन लेखी तक्रारी आहेत, एक चपला बाहेर ठेवतात ही आणि दुसरी मासळी तळतात ही (भांडुपला मासळीची तक्रार! आमच्या आजोबांनी ऐकलं असतं तर दंड तक्रार करणाऱ्याला झाला असता). त्यातला एक जण स्वतःहून खाली आला. म्हणाला, "अंकल, हम लोग तो जागते ही हैं." पंधरा दिवस त्यानेच व्हॉल्व्ह सांभाळला. टँकर पूर्ण भरलेला नसायचा, हेही त्यानेच पहिल्यांदा पकडलं, टाकीत बांबू घालून. सोसायटीचे सव्वीस सुशिक्षित सभासद चार उन्हाळे अर्ध्या टँकरचे पूर्ण पैसे देत होते.

ऑगस्टमधल्या वार्षिक सभेत मी विषय मांडला. पोटनियमांत नाममात्र सभासदाची तरतूद आहे, भाडेकरूला ते करून घेता येतं. मत नसतं, पण सभेत बसू तरी देऊ, निदान पाणी समितीत तरी एक जण असू दे. पाऊण तास चर्चा झाली. "आज बसतील, उद्या पार्किंग मागतील." "अकरा महिन्यांनी जाणारा माणूस, त्याला काय आपलेपणा?" हे बोलणारे काका तेवीस वर्षं इथे राहतात आणि कुठल्याच सभेला आले नव्हते. एका वहिनींनी विचारलं, "मालकाचं नुकसान काय त्यात?" त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी विषय पुढच्या सभेवर गेला. इतिवृत्तात मी लिहिलं, 'साधकबाधक चर्चा झाली.' वहीतल्या 'कारण सर्वांस ठाऊक'ची सर त्याला नाही.

मी आमच्या खोलीचे फार गोडवे गाऊन सांगतोय असं वाटू नये म्हणून तिचा शेवटही सांगतो. १९८२ चा संप झाला. अडीच लाख गिरणी कामगारांत आमच्या खोलीतलेही सगळे होते. त्यानंतरच्या पानांवर 'बाकी' हाच रकाना भरलेला आहे, १९८४ नंतर तोही नाही. पुढे चाळ पुनर्विकासात गेली. खोली साऱ्या गावाची, पण भाडेपावती एकाच्या नावावर होती, विश्वासाने ठेवलेली. टॉवरमधला फ्लॅट त्याच्या मुलाला मिळाला. त्याने गावात देवळापुढे सभामंडप बांधून दिला आणि विषय संपला असं त्याला वाटतं. ग्रामस्थ मंडळाची बैठक आता नालासोपाऱ्याला एका शाळेच्या वर्गात भरते, आणि दर वेळी कुणीतरी तो विषय काढतोच. आत्या म्हणते, मंडप चांगला आहे. आत्या मंडपात बसत नाही.

सभा संपल्यावर भाड्याच्या खुर्च्या उचलायला तोच मधुबनीचा मुलगा आला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चार-चार खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावता लावता म्हणाला, "क्या हुआ मीटिंग में?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. तो म्हणाला, "टँकर का क्या करना है?"

टँकरचं करायला कुणाच्या ठरावाची गरज नव्हती. वर जाऊन मी व्हॉल्व्हच्या पाळ्यांचा तक्ता आखायला बसलो, नोटीस बोर्डवर लावायला. सभासद, भाडेकरू, ज्यांनी ज्यांनी होकार दिला त्या सगळ्यांचा. सोमवार मी. मंगळवार आणि शुक्रवार तो. नाव, फ्लॅट, फोन, असे तीन रकाने झाले होते. मी पट्टी घेऊन चौथा आखला आणि त्याला फोन करून विचारलं, "गाँव कौन सा?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. बहुतेक पोलिसांचा फॉर्म समजला असावा. मग म्हणाला, "गाँव का नाम लिखिएगा कि टोला का भी?" टोला म्हणजे त्यांच्याकडची वाडी.

"टोला का भी," मी म्हटलं.